थकवा वेळापत्रकातच शिजतो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्रकल्प व्यवस्थापकांच्या ताणावर वर्तमानपत्रांतून हल्ली बरेच छापून येते आणि त्यातला सल्ला बहुतेक एकाच वळणाचा असतो : पहाटे उठा, प्राणायाम करा, मोबाइल दूर ठेवा, मनातले कुणाशी तरी बोला. प्राणायामाशी आमचे भांडण नाही. पण ज्याच्या कॅलेंडरात रात्री साडेदहाचा कॉल आणि सकाळी साडेनऊचा स्टँड-अप (टीमची रोजची छोटी बैठक) हे दोन्ही कायमचे ठाण मांडून बसले आहेत, त्याला पहाटे पाचला उठायला सांगणे म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आम्ही पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत, चाकणच्या कारखान्यांत आणि शहरातल्या बांधकामांवर प्रकल्प चालवणारी व हे काम नव्यांना शिकवणारी मंडळी आहोत. आमचे म्हणणे असे की, हा थकवा प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात एक्सेलच्या शीटमध्ये तयार होतो. दिसायला मात्र सहा महिने लागतात. तेव्हा इलाजही आधी त्या शीटमध्येच करायला हवा.

तासांचा हिशेब घ्या. सात जणांची टीम, दोन आठवड्यांचा स्प्रिंट (ठरलेल्या कामाचा एक टप्पा), म्हणजे माणशी दहा कामाचे दिवस, एकूण 70 मनुष्यदिवस. शीटमध्ये 70 लिहिले जातात आणि क्लायंटला 70 दिवसांचे काम कबूल केले जाते. आता त्यातून वजाबाकी करू. रोजचा पंधरा मिनिटांचा स्टँड-अप, म्हणजे दहा दिवसांत अडीच तास. नियोजनाचे चार, रिव्ह्यूचे (झालेले काम दाखवण्याचे) दोन, रेट्रोचा (काय चुकले ते पाहण्याच्या बैठकीचा) दीड. माणशी दहा तास झाले, सात जणांचे 70 तास, म्हणजे नऊ दिवस गेले. एक जण प्रोडक्शन सपोर्टला (आधीच चालू असलेल्या सिस्टिमच्या देखभालीला) बांधलेला असतो, त्याचे उरलेले नऊ दिवसही गेले. दोन आठवड्यांत टीममध्ये मिळून चार दिवस तरी रजा किंवा आजारपण असतेच. राहिले 48. त्यातले वीस टक्के अनपेक्षित गोष्टींसाठी बाजूला ठेवले की हातात 38 उरतात. कबूल केलेले 70 आणि हातातले 38, यांतला 32 दिवसांचा फरक रात्रीतून आणि शनिवार-रविवारातून येतो. सात जणांत वाटला तर माणशी आठवड्याला 18 तास. चाळीस अधिक अठरा, अठ्ठावन्न.

हा आकडा साधा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयरोगाने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. एका चुकीच्या वजाबाकीने सात माणसे त्या रेषेपलीकडे नेऊन ठेवली, आणि शीट भरणाऱ्याच्या ते गावीही नसते. पुन्हा, शीट भरणारा स्वतः त्या सातांत धरलेला नसतो. त्याचे तास कुणीच मोजत नाही.

'सगळे शंभर टक्के बिझी असले पाहिजेत' हा दुसरा लाडका गैरसमज. काम ठरल्या वेळी, ठरल्या मापाचे येत नाही. ते कधी एकदम येते, कधी येतच नाही. रांगेच्या गणितातले सर्वांत साधे सूत्र घेतले तर, ज्याचे 80 टक्के तास भरलेले आहेत त्याच्याकडे आलेल्या नव्या कामाला, ते काम करायला जितका वेळ लागतो त्याच्या सरासरी चौपट वेळ वाट पाहावी लागते. 90 टक्के भरले की नऊपट, 95 टक्के भरले की एकोणीसपट. सकाळी नऊला हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकातून गेलेल्याला हे वेगळे समजावायला नको : रस्ता भरत आला की दहा गाड्या वाढल्या तरी सगळे ठप्प. व्यवस्थापकाच्या बाबतीत हे आणखी घातक ठरते, कारण त्याच्याकडे रांगेत उभे असतात ते निर्णय. त्याचा दिवस सकाळी दहा ते सात मीटिंगांनी भरला की दोन मिनिटांच्या होकारासाठी चार माणसे दीड दिवस थांबतात आणि तो दीड दिवस शेवटी रात्री जागून भरून काढला जातो. म्हणून व्यवस्थापकाच्या कॅलेंडरात रोज किमान दीड ते दोन तास मोकळे हवेत, आणि ते टीमला माहीत असलेल्या वेळेलाच हवेत. दुपारी तीन ते साडेचार म्हटले की तीन ते साडेचार. 'कधीही या' म्हणणाऱ्याकडे कुणीच वेळेवर येत नाही.

बांधकामावर हीच गोष्ट डोळ्यांना दिसते, म्हणून स्लॅबच्या दिवसाचे उदाहरण देतो. 120 घनमीटरचा स्लॅब आहे. आरएमसीची (तयार काँक्रीटची) एक गाडी सहा घनमीटरची, म्हणजे वीस गाड्या. पंप, माणसे आणि गल्लीतली वाहतूक धरून तासाला 15 घनमीटर पडते असे माना. आठ तास लागतात. सकाळी सातला सुरुवात झाली तर तीनला शेवटची गाडी रिकामी होते आणि पाच-साडेपाचपर्यंत फिनिशिंग आटोपून सगळे घरी जातात. पण सातला सुरुवात होत नाही, कारण सळई तपासायला कन्सल्टंट त्याच दिवशी सकाळी येतो. मग निघते, की दोन बीमखाली कव्हर ब्लॉकच (सळई साच्यापासून उचलून धरणारे ठोकळे) नाहीत, जिन्याजवळच्या डक्टला जादा सळई टाकायची राहिली, इलेक्ट्रिशियनचा एक पाइप अर्धवट, आणि काँक्रीट नीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई एकच. सुरुवात अकराला. आरएमसीची गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी व्हावी असे भारतीय मानक सांगते. तोवर पहिल्या तीन गाड्या दारात उभ्या असतात आणि सुपरवायझर मुकादमावर ओरडत असतो. मधेच थांबावे तर कोल्ड जॉइंटची (आधीचे काँक्रीट घट्ट होऊन राहणाऱ्या कच्च्या सांध्याची) भीती. शेवटची गाडी सातला, फिनिशिंग हॅलोजनच्या उजेडात दहापर्यंत, आणि साइट इंजिनिअर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा क्युरिंगचे पाणी बघायला हजर.

त्या इंजिनिअरला रात्री अकराला ध्यानाचे ॲप उघडायला सांगून काय साधणार? त्याची रात्र आदल्या दिवशी संध्याकाळीच वाचवायची होती. चार वाजता तपासणी. सळई, कव्हर, सेंटरिंगचे टेकू, पाइप, जादा सुई, पंपाचा डिझेल, प्रत्येकासमोर एक सही. सहापर्यंत सह्या पूर्ण नसतील तर गाड्या रद्द. यातला कळीचा मुद्दा यादीचा नसून सहा वाजता फोन उचलून गाड्या रद्द करण्याचा अधिकार कुणाचा, हा आहे. तो जागेवरच्या इंजिनिअरला दिलेला असेल आणि रद्द केल्यावर त्याला कुणी फैलावर घेणार नसेल, तर यादी चालते. नाहीतर सगळे जण मूग गिळून सह्या करतात आणि उरलेली कामे रात्रीत होतील अशी आशा धरतात. सॉफ्टवेअरच्या गो-लाइव्हलाही (नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू करण्यालाही) हेच लागू आहे. रिलीजच्या दिवशी दुपारी चारला 'जायचे की नाही' हे ठरवायचे, 'नाही' म्हणण्याचा अधिकार टेस्ट लीडला (चाचणीच्या प्रमुखाला) द्यायचा, आणि किती त्रुटी, किती मिनिटे बंद, या आकड्यांवर रोलबॅक करायचा (जुन्या आवृत्तीवर परतायचे) ते आधीच लिहून ठेवायचे. पहाटे तीनला ते ठरवायला बसू नये. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाच्या हातून होणारे काम, रक्तात 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके खालावते. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकरालाच ती ओलांडतो. आपण त्याच्या हाती पहाटे तीनला बँकेचे सर्व्हर देतो.

पुण्यातल्या आयटीवाल्यांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वर्षातला सर्वांत वाईट काळ, आणि त्याची कारणे तीन वेगवेगळ्या कॅलेंडरांत असल्याने ती कुणालाच एकत्र दिसत नाहीत. अमेरिकेतल्या किरकोळ विक्रीच्या कंपन्या सणासुदीच्या विक्रीसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून सिस्टिममधले बदल गोठवतात, त्यामुळे सगळे रिलीज त्याआधी कोंबले जातात. नेमकी तेव्हाच दिवाळी. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊचा कॉल आपल्याकडे साडेसहाचा असतो तो साडेसात होतो. कॅलिफोर्नियाच्या नऊचा, साडेनऊचा साडेदहा. कुणी ठरवलेले नसते, कुणी विचारलेले नसते, मीटिंगचे निमंत्रण तिकडच्या वेळेने बांधलेले असल्यामुळे ते आपोआप सरकते, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत इथल्या माणसाची झोप तासाने कमी होते. उपाय अगदी सोपा आहे : कायमच्या कॉलची निमंत्रणे भारतीय वेळेने बांधा. निदान ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बसून प्रत्येक कॉलची नोव्हेंबरनंतरची वेळ लिहून काढा आणि साडेनऊच्या पुढे जाणारे कॉल ईमेलवर आणा. पालख्या शहरात असतात ते दिवस आणि विसर्जनाची मिरवणूक, जी दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, हेही शीटमध्ये जानेवारीतच भरता येते. दरवर्षी क्लायंटला ऐनवेळी 'लोकल फेस्टिव्हल' असा मोघम निरोप जातो आणि तो वैतागतो. त्यात त्याची चूक नाही.

रात्रीचे कॉल पूर्ण टळणार नाहीत, हे आम्हीही जाणतो. त्यासाठी एक तयार नियम आहे. युरोपीय संघाच्या 2003 च्या कामाच्या वेळेबाबतच्या निर्देशानुसार दर 24 तासांत सलग 11 तास विश्रांती मिळाली पाहिजे. जर्मन किंवा डच क्लायंट स्वतः त्या नियमाखाली काम करतो, त्यामुळे त्याच्याकडे तो मागायला संकोच नको. कॉल रात्री साडेअकराला संपला तर दुसऱ्या दिवशी कामाची सुरुवात साडेदहाला, आणि ती कॅलेंडरात आधीच अडवलेली. इथे बहुतेक व्यवस्थापक घसरतात ते असे : टीमला साडेदहाला या म्हणतात आणि स्वतः नऊला हजर राहतात. दुसऱ्या आठवड्यापासून टीमही नऊला येते. रात्री अकराला मेल पाठवून खाली 'घाई नाही' असे लिहिणे हाही तसलाच प्रकार. मेल तेव्हा सुचला तर लिहावा, पण सकाळी साडेनऊला जाईल असा लावून ठेवावा. ती सोय प्रत्येक मेलमध्ये आहे.

आता वाईट बातमीबद्दल. दर शुक्रवारच्या अहवालात रंग भरायचे असतात : हिरवा, पिवळा, लाल. बरेच अहवाल कलिंगडासारखे असतात, वरून हिरवेगार आणि आत लाल. खाली सगळ्यांना माहीत असते, वर कुणालाच नसते, अळीमिळी गुपचिळी. प्रकल्पातल्या कामापेक्षा हे लपवणे माणसाला जास्त पोखरते, कारण त्याची मुदत कधी संपत नाही. अडचण कळल्यापासून 24 तासांत ती वर गेली पाहिजे आणि ती चार ओळींत मावली पाहिजे. उदाहरणार्थ : 'बँकेची परवानगी न आल्याने पेमेंटची चाचणी थांबली आहे. 15 तारखेपर्यंत ती आली नाही तर गो-लाइव्ह चार दिवस लांबेल. पर्याय दोन : तारीख 26 ऐवजी 30 करणे, किंवा रिफंडचा भाग वगळून उरलेले 26 लाच सुरू करणे. 14 च्या दुपारपर्यंत निर्णय हवा.' यात माफी नाही, कारणांची लांबण नाही, कुणाचे नाव नाही. काय झाले, किती दिवसांचा फटका, पर्याय कोणते, कधीपर्यंत ठरवायचे. असे पत्र मिळाल्यावर वरिष्ठाने पहिला प्रश्न 'हे आधी का नाही सांगितले' असा विचारला, तर पुढचे पत्र त्याला कधीच मिळत नाही. नेतृत्वाची खरी परीक्षा ती पाच मिनिटे असतात, वार्षिक मेळाव्यातले भाषण नव्हे.

उशीर झाला की माणसे वाढवायची, हा वरून येणारा नेहमीचा तोडगा. सहा जणांत आपापसात बोलायच्या जोड्या 15 असतात, दहा जणांत 45. चार माणसे वाढली आणि समन्वय तिप्पट झाला; तो करायचा कुणी, तर त्याच व्यवस्थापकाने. शिवाय नव्या माणसाला दोन-तीन आठवडे शिकवावे लागते आणि ते काम टीममधल्या सर्वांत जाणत्याच्या गळ्यात पडते, म्हणजे ज्याच्यावर सारी भिस्त तोच अडकतो. आमचा ढोबळ नियम : सहा आठवड्यांपेक्षा कमी उरले असतील तर माणसे घेऊ नयेत, काम कमी करावे.

व्यवस्थापकाने स्वतःचे नाव रिस्क रजिस्टरमध्ये (प्रकल्पाच्या धोक्यांच्या नोंदवहीत) लिहावे, असे आम्ही शिकवतो. पहिल्यांदा सगळे हसतात. पण सर्व्हर बंद पडेल, पुरवठादार माल उशिरा देईल, हे सगळे तिथे लिहिलेले असते, आणि ज्याच्या डोक्यात अर्धा प्रकल्प आहे तो माणूस आजारी पडेल, ही शक्यता मात्र नसते. नोंद नेहमीसारखीच करायची : शक्यता, परिणाम, आधी दिसणारी लक्षणे, उपाय, आणि लक्ष ठेवणारी व्यक्ती. ती व्यक्ती स्वतः व्यवस्थापक असून चालत नाही. डेप्युटी किंवा शेजारच्या प्रकल्पाचा व्यवस्थापक हवा. लक्षणे मोजता येतील अशीच लिहावीत. रात्री नऊनंतर पाठवलेले मेल आठवड्यात किती, लागोपाठ रद्द केलेल्या रजा किती, तीन दिवसांहून जुने अडलेले निर्णय किती. तिन्हींचा आलेख सलग तीन आठवडे वर चढला की त्या व्यक्तीने वरिष्ठाकडे जायचे. व्यवस्थापकाला विचारत बसायचे नाही, कारण तो 'मी ठीक आहे' असेच म्हणतो.

डेप्युटी नावापुरता नसावा. तो काय ठरवू शकतो ते लेखी असावे : दोन मनुष्यदिवसांपर्यंतचा बदल, तीन दिवसांपर्यंतची रजा, अमुक रुपयांपर्यंतची खरेदी. मग व्यवस्थापकाने सहा महिन्यांतून एकदा सलग दहा कामाचे दिवस रजा घ्यावी, लॅपटॉप न नेता. पहिल्या रजेत रोज दोन-तीन फोन येतात. त्यांची यादी ठेवावी. डेप्युटीला कोणते अधिकार द्यायचे राहिले, ते तीच यादी सांगते.

कंपन्यांच्या 'वेलनेस' कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. शुक्रवारी संध्याकाळी सहाला सक्तीचे हास्ययोग सत्र, आणि त्यामुळे राहिलेले काम आठला घरी. भीक नको, पण कुत्रा आवर. 'मीटिंगमुक्त बुधवार' जाहीर होतो आणि मंगळवार-गुरुवार दुप्पट भरतात. याऐवजी प्रत्येकाशी पंधरवड्यातून अर्धा तास एकट्याने बोलणे जास्त उपयोगी पडते, त्यातली पहिली दहा मिनिटे समोरच्याची. आठ जण असतील तर चार तास जातात. चौदा जण असतील तर सात, आणि तेवढे कुणी देत नाही. म्हणून चौदा जणांना एकच व्यवस्थापक नेमणाऱ्याने मग माणसे का सोडून जातात, हा प्रश्न विचारू नये.

एवढे करूनही काही जण कोलमडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 2022 पासून लागू आहे, 'बर्नआउट' हा आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारा प्रकार म्हणून नोंदवला आहे. त्याच्या तीन खुणा : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. दुसरी खूण सर्वांत आधी सहकाऱ्यांना दिसते. कालपर्यंत वाद घालणारा माणूस 'करा तुम्हाला काय करायचे ते' म्हणू लागतो. झोप दोन आठवडे उडाली असेल किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा तोंडी येत असेल, तर शीट बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 वर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

शेवटी एक मुद्दा, जो बहुतेकांना माहीत नसतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि जादा तासांना दुप्पट दर आहे. पण गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाच्या पदांवरील लोकांना तो कायदा लागू होत नाही. मात्र अशा पदांवरील लोकांची यादी कंपनीने आपल्या संकेतस्थळावर, आणि संकेतस्थळ नसल्यास कामाच्या जागी ठळकपणे लावावी, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. व्हिजिटिंग कार्डावर 'प्रोजेक्ट मॅनेजर' किंवा 'लीड' छापले गेलेल्यांनी मनुष्यबळ विभागाकडे ती यादी मागावी आणि आपले नाव तिच्यात आहे का ते पाहावे.

आपले,
प्रकल्प व्यवस्थापनाच्या क्षेत्रातील काही वाचक,
पुणे